पापुद्रा

गिरीज,
६ जानेवारी २०२५

ती. सालोमीताईस,
जय येशू आणि सा. न. वि. वि.

तुझ्या मठात फोन नाही, म्हणून भाचीची बातमी पत्रानेच. अनिशाला जहाजावरच्या नोकरीसाठी निवडलंय. पण चष्मा चालत नाही. तीन फेब्रुवारीला लेझर आहे. तिचं बुबुळ पातळ, म्हणून डॉक्टर त्यावरचा पापुद्रा आधी मऊ ब्रशने खरवडून काढणार. केळीचं सोपट सोलतात तसं, असं तिचे पप्पा म्हणाले, तर ती उशी घेऊन त्यांच्यावर धावली.

पापुद्रा पाचेक दिवसांत पुन्हा येतो. तोवर डोळा म्हणजे उघडी जखम. नळाच्या पाण्याचा थेंबही आत जाता कामा नये.

प्रार्थनेत आम्हाला धर. लोभ आहेच, तो असाच असू दे.

तुझी,
फेलिशिया

मठ,
१८ जानेवारी

प्रिय फेलिशियास,
अनेक आशीर्वाद.

होडीत बसवलं की रडायचीस तू, आणि तुझी मुलगी जहाजावर! सोबत लूर्डसच्या पवित्र पाण्याची बाटली आहे. तळाला आली होती. आई करायची तशी विहिरीचं पाणी घालून वाढवली. फार दुखलं तर थेंबभर डोळ्यात घाल. डॉक्टरांनी नळाचं मना केलंय, हे थोडंच नळाचं?

निकाल लगेच कळव. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई,
सालोमी

गिरीज,
२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. उत्तर लिहायला हात धजला नाही.

लेझरनंतर तिसऱ्या दिवशी दुपारी अनिशा भिंतीला डोकं टेकून कण्हत होती. उजवा डोळा जास्त ठणकत होता. औषधाची वेळ झाली, असं मी म्हणाले आणि तुझ्या पाण्याचा थेंब सोडला. एकच.

दोन दिवसांत डोळ्यात पू झाला. पाणी गेलं होतं का, डॉक्टरांनी विचारलं. मी नाही म्हणाले. अनिशा म्हणाली, आई फार जपते हो.

आता बुबुळावर पांढरा डाग आहे. त्या डोळ्याला उजेड तेवढा कळतो. दुसऱ्या कुणाचं बुबुळ बसवता येईल, पण जहाजाचं विसरा, असं डॉक्टर म्हणाले.

तू पाठवलंस, घातलं मी. तू स्वतःला बोल लावू नकोस. बाटली घरातल्या अल्तारावर आहे, ओतून टाकवत नाही.

काल अनिशाने माझा हात धरला. म्हणाली, “आई, औषधं करून झाली. मावशीचं पाणी घाल ना. ते तर आपण घातलंच नाही.”

लोभ मागायला तोंड नाही.

फेलिशिया