खांबामागचं टेबल

तीर्थरूप वहिनी,

नमस्कार. ('तीर्थरूप' वाचूनच तू चष्मा पुसशील. एरवी मी नुसतं 'वहिनी' म्हणते. पण आज गरज माझी आहे आणि ती सांगायचा धीर पत्र संपेपर्यंत येईल, अशी आशा आहे.) तुझी कंबर कशी आहे? बाळ्याच्या गणितावरून दादाने घर डोक्यावर घेतलं होतं, ते खाली ठेवलं का? "आपल्या घरात गणितात कोणी नापास झालेलं नाही" हे निदान पोराच्या तोंडात घास असताना तरी त्याने ऐकवू नये. आईचं बुटकं स्टूल रंगाऱ्यानेच नेलं, म्हणून तू त्याला पुन्हा दारात उभं करणार नाहीस आणि स्वयंपाकघर अर्धं पिवळं, अर्धं कळकट राहिलंय, हेही वाचलं. त्यावर मला बोलायचं आहे. येतेच तिकडे.

आधी माझी बातमी. एकवीस वर्षांच्या नोकरीत मला पहिल्यांदा एकटीचं टेबल मिळालं. ते खांबामागे आहे, खिडकी दिसत नाही आणि खांबाला ओल आहे, पण एकटीचं आहे. तुला म्हणून सांगते, घरात माझी अशी जागा म्हणजे ओट्यासमोरच्या दोन फरश्या. तिथेही मी पाठ वळवली की कोणीतरी पाणी प्यायला येऊन उभं राहतं. तेव्हा हे टेबल साजरं करायचं मी मनावर घेतलं. अट एकच, खर्च करायचा नाही, घरात आहे त्यातच भागवायचं.

ओल झाकायला मी खांबावर भरतकामाचा रुमाल लावला. साहेबांनी तो दोन दिवस लांबून पाहिला आणि तिसऱ्या दिवशी जवळ येऊन हळूच विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?" त्यांना वाटलं, मी रडून वाळत घातलाय. मग बाटलीत वेलीची फांदी लावली. ती सगळ्यांना इतकी आवडली की जो तो पेल्यात उरलेलं पाणी तिला घालू लागला (एकाने चहाही घातला). नवव्या दिवशी ती गेली. इतके लाड मला मिळाले असते, तर मीही गेले असते.

खरा त्रास खुर्चीचा होता. तिचा दांडा मोडलाय, त्यामुळे ती खाली येत नाही. मी आईच्याच उंचीची, म्हणजे दिवसभर पाय लोंबकळत. मी भांडारवाल्याकडे अर्ज दिला. तो म्हणाला, "बाई, लोक वर चढायला धडपडतात आणि तुम्ही खाली उतरायचं म्हणताय!" अर्ज तिथेच राहिला आणि पाय हवेतच. शेवटी मी एक स्टूल मिळवलं. (कुठून, ते विचारू नकोस. सांगतेच आहे.)

वहिनी, पाय टेकले आणि ते टेबल माझं झालं. हे सुख चारच दिवस टिकलं. जावक विभागातल्या बाई गप्पा मारायला आल्या. बसायला दुसरं काही नव्हतं, म्हणून त्यांनी ते स्टूल पुढे ओढलं. बुटक्या स्टुलावर माणसाचे गुडघे हनुवटीशी येतात. तसं बसून बढाई मारता येत नाही, खरंच बोलावं लागतं. लेक परदेशात किती सुखात आहे, हे एरवी ऐकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "दोन महिने फोन नाही गं तिचा." मग भांडारवाला बसला आणि भांडारात एक चांगली खुर्ची आहे, तिच्यावर दुपारी आपणच डुलकी काढतो, असं कबूल करून गेला. काल साहेबही बसले. त्यांना निवृत्तीला आठ महिने राहिलेत. म्हणाले, "इथून गेल्यावर घरात मी बसू कुठे, तेच कळत नाही." मी नुसता चहा पुढे केला.

आई हाताच्या मशीनवर शिवायची तेव्हा तिचे पाय त्या स्टुलावर असायचे. आपण रडत आलो की ती पाय काढून घ्यायची आणि म्हणायची, "बस." बाकी काही विचारायची नाही. ते मला आत्ता कळतंय. माझे पाय पुन्हा हवेत आहेत, पण तक्रार नाही.

दादाला नमस्कार, बाळ्याला आशीर्वाद.

तुझी लाडकी (अजून असले तर) नणंद

ता. क. रंगाऱ्याला बोलाव आणि माझ्या वतीने त्याची माफी माग. गेल्या खेपेला बसथांब्यापर्यंत माझ्या पिशवीचा एक बंद तूच धरला होतास. "केवढी जड गं, पुस्तकं आहेत का?" असं विचारलंस आणि मी हो म्हणाले.

ता. क. दुसरा. तू म्हणशील तर रविवारी स्टूल परत आणते. पण ते माझ्याकडे राहू दे, एवढंच मागायला हे चार पानी पत्र लिहिलं.

ता. क. तिसरा. स्टुलाच्या आखूड पायाखाली खिळ्याने ठोकलेली कागदाची घडी होती, आठवते? काल ती उलगडली. दादाचा सातवीचा निकाल आहे. गणितात अकरा. बाबांच्या हाती लागू नये म्हणून आईने तो इतकी वर्षं पायाखाली ठेवला आणि एका शब्दाने बोलली नाही. तो सोबत पाठवते आहे. काही बोलू नकोस, जेवताना दादाच्या ताटाशेजारी नुसता ठेव. बाळ्याचं जेवण होऊन तो उठला की मगच.