प्रभुभोजनाच्या कणकेत मीठ

मीठ का घालायचं नाही, हे तुम्ही मला कधीच सांगितलं नाही. नुसतं म्हणालात घालू नकोस, आणि मी आयुष्यभर घातलं नाही. एवढं एक सांगायला काय झालं होतं? सलाम, बाई. राग आधी लिहिला, कारण या वयात तो विसरायला होतो.

शाळेमागची तुमची ती चूल मला अजून दिसते. मी नवी नवरी, अक्षरओळख नाही. तुम्ही एका हाताने पोळपाट धरता आणि दुसऱ्या हाताने गीतांच्या पुस्तकावर बोट फिरवता. चुकलं की लाटणं माझ्या बोटांवर. शनिवारी संध्याकाळी उद्याच्या प्रभुभोजनाची, देवळात सगळ्यांना तुकडा तुकडा वाटायची चपाती व्हायची. एकदा मी मिठाच्या बरणीकडे हात नेला, तर तुम्ही असा फटका मारलात की बांगडी फुटली. मला वाटलं, हे काहीतरी लई पवित्र असणार. तुम्ही देवाघरी गेलात आणि चपाती माझ्याकडे आली. घरात सून कणीक मळायला बसली तरी मी बरणी आधी फळीवर चढवायची.

आमचे जुने पाळकसाहेब तर त्याच्यावर उपदेश करायचे. प्रभूच्या दुःखाला चव नसते, म्हणून आपल्या मंडळीची भाकर अळणी. बाया पदराने डोळे पुसायच्या, मीही पुसायची. ते यंदा निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी आली एक पोर. स्कूटीवरून, पंजाबी ड्रेसमध्ये. मंडळीचे पंच म्हणाले, हिची बदली करून घेऊ, काहीतरी निमित्त सापडू द्या. मीही त्यांच्यातलीच. पोरीला पदर नाही, देवळाला काय मान देणार, असं मी तिच्या तोंडावर म्हणाले. ती हसली आणि शनिवारी थेट माझ्या चुलीपाशी येऊन फरशीवर बसली.

"आजी, मीठ का नाही घालत?"

"चाल हाय."

"कुणाची?"

"देवाची. आणि कुणाची?"

"त्याच्या पुस्तकात तर अर्पणाला मीठ लावायला सांगितलंय. म्हणून विचारलं. मला बदलायचं नाही काही, नुसतं कळू द्या."

पाळक सांगतात आणि आपण ऐकतो, एवढंच मला माहीत. पाळक विचारतो, हे पहिल्यांदा पाहिलं. रात्रभर तिचा राग आला, आणि सकाळी बघितलं तर मलाच जाणून घ्यायची खाज सुटली होती. सोमवारी एसटी धरली आणि केडगावला तुमच्या भाचीकडे गेले. तीही आता म्हातारी झाली, पण जिभेला गंज नाही. विचारलं तर पोट धरून हसायला लागली. म्हणाली, "अगं, आत्याला बीपी होता. डॉक्टरनं मीठ तोडलं होतं. एकटीचं पोट, दोनदा कणीक कोण मळणार? देवाची आणि तिची एकाच परातीत."

बशीत ओतलेला चहा तसाच राहिला, बाई. मला ना रडू आलं ना हसू. तुमच्या डॉक्टरची गोळी आम्ही सगळी मंडळी इतकी वर्षं गुडघे टेकून घेत होतो.

परत येऊन पोरीला सगळं सांगितलं. मला वाटलं, आता ही रविवारी देवळात बोलून दाखवणार. पण ती म्हणाली, "आता काय करू या, आजी? तुम्ही म्हणाल तसं." तिला माहीत आहे, मीठ पडलं की पंच म्हणतील हिनंच आपली चाल मोडली, आणि हवं ते निमित्त त्यांच्या हातात पडेल. तरी तिनं मला विचारलं. अळणीच ठेवली असती तर कुणाला काही कळलं नसतं. पण आता मला कळलंय, त्याचं काय करू?

तर आज कणीक मळताना चिमूटभर घातलं. तुकडा मोडून खाल्लासुद्धा, उपासनेच्या आधी, कुणी नव्हतं तेव्हा. बरी लागली. तुमच्या चपातीपेक्षा बरी, हे तुमच्या तोंडावर बोलायची माझी कधी छाती झाली नसती.

हे पत्र टाकायचं तरी कुठे? पिठाच्या डब्याखाली ठेवते. उद्या पंचांनी विचारलं, चव का बदलली, तर त्या पोरीनं तोंड उघडायचं नाही, हे तिला बजावलंय. उत्तर मी देणार. आणि तिकडे वर कुणी विचारलं, इतकी वर्षं अळणी का होती, तर पाळकसाहेबांचा उपदेश पुढे करू नका. तिथं उत्तर तुम्हीच द्यायचं.