गट नं. ८७ मधून जाणारा, जमिनीवर नसलेला रस्ता

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कार्यालय, चाकूर, जि. लातूर

विषय : इंटरनेटच्या नकाशातील रस्ता पुरावा म्हणून ग्राह्य न धरण्याबाबत.
संदर्भ : शेतरस्ता प्रकरणी सुनावणीची नोटीस, दि. ३/११/२०२५.

महोदय,

१. मी मौजे कवठाळवाडी येथील शेतकरी, वय ६८. शेजारी श्री. भागवत सूर्यवंशी यांनी माझ्या शेतातून रस्ता मागितला असून पुरावा म्हणून मोबाईलमधील नकाशाची रंगीत प्रत जोडली आहे. तीत माझ्या घरापासून त्यांच्या घरापर्यंत सरळ रेघ आहे. असा रस्ता कधीच नव्हता. बांधाच्या भांडणावरून आमच्या दोन घरांत नऊ वर्षे बोलणे नाही, मग रस्ता कुठून असणार?

२. त्या रेघेच्या मधोमध लिंबाखाली माझी पत्नी महादेवी हिची समाधी आहे. आमच्या लिंगायत रीतीने तिला आमच्याच रानात ठेवले आहे. चौथरा बांधायचा राहिला. नुसती माती आणि एक दगड. मागील महिन्यात भागवत यांचे सोयाबीन न्यायला निघालेला टेम्पो मोबाईलचे ऐकत थेट तिथे आला. चाक समाधीपासून दोन वितींवर थांबले. ड्रायव्हर उलट मलाच म्हणाला, "नकाशात रोड हाय आप्पा, तुम्हीच त्याच्यावर हरभरा पेरून राहिले."

३. रेघ भागवत यांनीच ओढली अशी माझी खात्री होती. माझी मुलगी शिवकन्या लातूरला असते. तिने शोध घेतला तेव्हा ती शेषेराव नावाच्या निवृत्त भूगोल शिक्षकांनी काढल्याचे निघाले. हे गृहस्थ घरी बसून, आकाशातून घेतलेल्या फोटोंवरून, गावोगावचे रस्ते फुकट काढतात. फुकट कोण कशाला काढेल, म्हणून मी त्यांच्यावरही संशय घेतला. मुलीने कळवल्यावर ते स्वतः बसने आले व म्हणाले, "मी हितं आलोच नव्हतो. फोटोत पांढरी वाट दिसली, ती धरून ओढली. चुकलं माझं." त्यांनी माझा चहा घेतला, पण त्याने संशय गेला असे नाही.

४. तरीही खरे ते लिहितो. महादेवीच्या छातीत कळ आली त्या दुपारी अॅम्ब्युलन्स फाट्यावर पाऊण तास आमचे घर शोधत होती. तेव्हा आमची वस्ती कोणत्याच नकाशात नव्हती. आता शेषेरावांनी ती मांडली आहे. दोन वर्षे आधी मांडली असती तर, हा विचार मनातून जात नाही.

५. फोटोत घरापासून समाधीपर्यंतची वाट माझ्या पायांची आहे. मी रोज सकाळी बेलपान घेऊन जातो. परंतु भागवत यांच्या घराकडूनही समाधीपर्यंत एक वाट आलेली दिसते. दोन्ही जोडून शेषेरावांनी एक रस्ता केला. ती दुसरी वाट पुराव्यासाठी भागवत पाडत असणार, म्हणून मी तीन दिवस गोठ्याआड पाळत ठेवली. तिसऱ्या दिवशी भर दुपारी त्यांच्या आई लक्ष्मीबाई तांब्या घेऊन आल्या. मला पाहून म्हणाल्या, "आप्पा, भागवतला सांगू नगा. म्हादेवीला पानी घालाय येते, दुसरं काय न्हाई."

६. सबब विनंती की,
(अ) सदर रेघ रस्ता म्हणून नोंदवू नये. अॅम्ब्युलन्सपुरता रस्ता मी दक्षिण बांधाने देईन. मोजणी मात्र माझ्यासमोर व्हावी.
(ब) लिंबापर्यंतच्या दोन्ही पायवाटा कोणाच्याही अर्जावरून बंद करू नयेत.
(क) भागवत यांना या अर्जाची प्रत देताना परिच्छेद ५ झाकून द्यावा व सुनावणीत तो वाचू नये.

आपल्या निकालाची वाट पाहणारा,
गुरुबसप्पा मल्लिकार्जुन हलकुडे
दि. १२/११/२०२५

सोबत :
१) नकाशाची प्रत.
२) आकाशातून घेतलेला फोटो. माझी वाट लाल पेन्सिलने दाखवली आहे. दुसरी मुद्दाम रंगवलेली नाही.