शिमग्यातला लाल ठिपका

शनिवार, १५ मार्च

शिमग्याला अख्खी मुंबई गावात, आणि मी रत्नागिरीत आरोग्य खात्याच्या खुर्चीत. काम काय — तर गर्दीच्या गावांतून लोक नेटवर कोणते आजार शोधतात ते बघायचं. नावं कळत नाहीत, नुसते आकडे. आकडा चढला की नकाशात त्या गावावर लाल ठिपका. आज एकच उमटला, जयगडच्या अलीकडे. आमच्याच गावावर! ‘उलटी जुलाब उपाय’ — कालपासून एकतीस वेळा.

इशारा नोंदवला, देवदत्त सरांना दाखवलं. “सावनी, पुरणपोळ्या जास्त झाल्या असतील.” सगळे हसले. मीच तेवढी मूर्ख.

रविवार, १६ मार्च

अठ्ठावन्न. आशाताई घरोघर फिरून आल्या, म्हणे आजारी कोणी नाही. कसं असेल? घरात आजारपण असलं की त्या अंगणात देवीची पालखी थांबत नाही, ही आमच्या गावची रीत. वर्षभर वाट बघितलेली देवी दारावरून पुढे जाणार, तर कबूल कोण करेल? माणसं आशाताईंशी खोटं बोलतात, फोनशी नाही. सरांना हे सांगितलं तर म्हणतात, “मग फोनला सलाइन लावू?” डोकं फिरलं माझं.

मंगळवारी गावजेवण. हजार पानं, आणि पाणी वाडीच्या विहिरीचं. ते तपासा, तोवर टँकर द्या, एवढंच तर मागतेय.

सोमवार, १७ मार्च

सर शेवटी वैतागून म्हणाले, “गावातल्या एका खात्रीच्या माणसाला हो म्हणू दे, टँकर पाठवतो.”

खात्रीचा माणूस म्हणजे माझे वडील, अण्णा. तीस वर्षं शाळेत मास्तर. खोटं बोलल्याबद्दल मला उपाशी ठेवलेलं आहे त्यांनी. फोन केला.

“कोण आजारी नाय गो. उद्या पालखी दारात यायची, कशाला वाईट बोलतेस?”

आईला द्या म्हटलं, तर झोपलीय म्हणाले. सकाळी अकरा वाजता.

अण्णा नाही म्हणाले म्हणजे विषय संपला. इशारा मीच मागे घेतला. ठिपका अजून लालच. चीड येते नुसती.

बुधवार, १९ मार्च

कालच्या जेवणातले बेचाळीस जण इस्पितळात. आईसुद्धा. सर विचारतात, “इशारा मागे कोणी घेतला?”

गुरुवार, २० मार्च

आईला सलाइन चालू आहे. डॉक्टर म्हणाले, हिचं दुखणं कालपरवाचं नाही, आठवडा होत आला. अण्णा बाकावर, खाली मान घालून. मामाला कळवायला त्यांचा फोन घेतला. शोधलेलं सगळं त्यात तसंच होतं, शुक्रवारपासूनचं. शनिवारच्या एकतिसांतले अकरा अण्णांचे.

मंगळवारी पालखी आमच्या अंगणात थांबली होती. आईनं भिंतीला धरून देवीची ओटी भरली.