फाट्यावरच्या पांढऱ्या गाड्या

देगलूर, ३० मार्च १९८७

चि. सौ. कस्तुरास साहेबरावचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

मायला सारखी चक्कर येऊन राहिली. सोमवारी तिला लातूरच्या दवाखान्यात नेतो. वाटेत तुझ्या फाट्यावर थांबू. तुला बघितल्याशिवाय पुढं जायचं न्हाई, असं मायनं बजावलंय.

आबांची जुनी मॉरिस मी विकली. तू रागावशील. तिच्या बटबटीत दिव्यांमुळं तू तिला बेडूक म्हणायचीस. पण सुटे भाग मिळेनात. आता पांढरी अँबेसिडर घेतलीय. लातुरात मामाकडं उतरू. दाजींना नमस्कार.

भेट होईस्तोवर माया पातळ करू नकोस.
तुझा दादा

शिरूर अनंतपाळ, ७ एप्रिल

ती. दादास कस्तुराचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

काल सकाळपासून मी फाट्यावर उभी होते. मायसाठी धपाटे बांधून आणले होते. नेमक्या कालच गावच्या बाया घागरी घेऊन तिथं जमल्या. टँकर बंद झालाय, म्हणून साहेबाची गाडी अडवायची होती. लातूर जिल्हा झाल्यापासून साहेब लई वाढले, पाणी तेवढंच हाय.

त्यांच्याही गाड्या पांढऱ्याच. तेच नाक, तेच डोळे. प्रत्येकीला हात करून मी धावले. एकीतल्या साहेबानं काच खाली करून मला पाणी देऊ केलं. लाज वाटली, पण प्याले. मॉरिस असती तर टेकावर दिसताच ओळखली असती.

तुम्ही आलाच न्हाईत का? मायला जास्त झालं का? जनावरं छावणीत हायत, म्हणून निघता येईना. दोन ओळी लवकर टाक.

बहिणीवर जीव असू दे.
कस्तुरा

लातूर, ११ एप्रिल

चि. सौ. कस्तुरास आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मामानं दवाखान्यात आणून दिलं. आम्ही आलो होतो. फाट्यावर बाया रस्त्यात धावल्या. साहेबाची गाडी समजून अडवतील, माय उन्हात अडकेल, म्हणून मी गाडी हाणली. तू पुढं सावलीत उभी असशील असं वाटलं. पुढं कुणी नव्हतं.

हात करणारी ती कस्तुराच होती, असं माय मागच्या सीटवरून म्हणाली. मी म्हणालो, न्हाई, डोक्यावर पदर घेतला की समद्या सारख्याच दिसतात. ती पुन्हा तेच म्हणाली. मग दवाखाना येईस्तोवर मागच्या काचेतून बघत राहिली.

दवाखान्याच्या दारातच तिला झटका आला. वाचा गेली. परत येणं अवघड हाय, असं डॉक्टर सांगतात. पण माणूस ओळखते. जनावरं दाजींवर सोड आणि मिळेल त्या एस.टी.नं ये. मी स्टँडवर थांबतो.

मायच्या तोंडून शेवटचं तुझंच नाव आलं, आणि मी तिला न्हाई म्हणालो.

रागाव, पण भावाला तोडू नकोस.
साहेबराव