मॅडम माझ्याकडे बघून हसत नाहीत

ती. मावशीस,

एका हाताने घातलेला साष्टांग नमस्कार. (दुसऱ्या हातावर तुझी नात झोपली आहे, आणि साष्टांगाला लागणारी बाकीची अंगं अजून बाळंतपणातून पुरती परत आलेली नाहीत.)

तुझे गुडघे कसे आहेत? काका अजून बातम्या बघताना टीव्हीशी भांडतात का? इकडे सगळं खुशाल आहे, असं पत्रात लिहायचं असतं म्हणून लिहिते. तू जन्मभर पोस्टात लोकांच्या पत्रांची वर्गवारी केलीस, तेव्हा भाचीने फोन करायचं सोडून कागद का खरडला, ही शंका तुला आलीच असेल. कारण शेवटी सांगते. आधी शेवट वाचू नकोस. कथांची पुस्तकंसुद्धा तू मागून उघडतेस, हे मला माहीत आहे.

तर मॅडमबद्दल. आम्ही बाळाला मॅडम म्हणतो, कारण तिचा चेहरा. तू आली होतीस तेव्हा ती नुसती झोपून होती, त्यामुळे तुला कल्पना नाही. जागी असली की ती आपल्याकडे असं बघते, की आपला अर्ज अपुरा आहे आणि सोबत जोडायचे कागद आपण घरी विसरलोय. मला आधी कौतुक वाटायचं. मग एक दिवस ती हसली. कपाटाच्या मुठीकडे बघून. दुसऱ्या दिवशी पंख्याकडे बघून हसली. खालच्या मजल्यावरचे व्हायोलिनचे मास्तर किल्ली द्यायला आले, तर त्यांच्या टकलाकडे बघून तिने इतकं तोंड पसरलं की मास्तर अर्धा तास हलेनात. तिच्या बाबांना हसली, आजीला हसली. मी पुढे झाले की गंभीर. अर्ज अपुरा.

मावशी, तू म्हणशील एवढंसं पोर, त्याला काय कळतंय! पण मी धसकाच घेतला गं. नऊ महिने पोटात वाढवलेलं माणूस पंख्याला हसतं आणि आपल्याला नाही, म्हणजे आपलं काहीतरी चुकतंय, एवढंच डोक्यात राहिलं. माझ्या नोकरीने त्यात भर घातली. लिफ्ट तपासायच्या कामात पहिली शिकवण अशी, की बिघाड दिसेपर्यंत थांबायचं नसतं, तो शोधायचा असतो. लांब उभं राहायचं, विजेरी मारायची, डोळ्यात तेल घालून बघायचं, हात लावायचा नाही, नोंद करायची. ठीक निघाली की हिरवं गोल लेबल डकवायचं. (त्यातलं एक माझ्या फोनच्या पाठीवरही आहे. ते लक्षात ठेव, पुढे लागेल.) इतकी वर्षं हेच केल्यावर मला घरीही दुसरं काही सुचेना.

मग मला ‘पहिलटकरीण’ सापडलं. इंटरनेटवरचा कट्टा आहे तो, नव्या आयांचा. एक जण विचारते, बाकीच्या शंभर जणी उत्तरं देतात, आणि मूळची ती रडत निघून जाते. तिथे कुणाला खरं नाव नसतं. ‘शांत सरोवर’ नावाची एक बाई आहे, ती सगळ्यांवर खेकसते. ‘दोघांची आई’ प्रत्येक वाक्य “माझ्या दोघांच्या वेळी” असं सुरू करते. ‘रानवारा’ ही बाई आहे की बुवा, यावरच तिथे दोन तट आहेत. थोडक्यात, उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांचा मेळावा. आणि मी, दुसऱ्याच्या सहीवर कधी विश्वास न ठेवणारी तपासनीस, यांच्या शब्दाशब्दावर मान डोलवत बसले. दूध पाजताना वाचायची, दूध उतू जाताना वाचायची. सासूबाई आधी नाकं मुरडायच्या, मग हळूच विचारायला लागल्या, “त्या ढेकर न येणाऱ्या बाळाचं काय झालं गं?” (एका बाईच्या मुलाला ढेकरच येत नाही. सगळा कट्टा चिंतेत आहे. सासूबाई तर फार.)

मी माझा प्रश्न टाकला. शांत सरोवराने लिहिलं, बाळांना काळे-पांढरे पट्टेच दिसतात, एवढंही माहीत नसेल तर आई कशाला झालीस? मी नवऱ्याचा पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा उसवून अंगरखा करून घातला. मॅडमनी पट्टे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासले आणि तोंड फिरवलं. नवरा चष्म्याच्या दुकानातून दमून आला, माझ्याकडे बघितलं, कपाटात बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं आणि बाहेरच्याच कपड्यांत झोपला. गरीब स्वभाव आहे गं.

मग दोघांची आई म्हणाली, तुझा मोठा फोटो पाळण्यावर टांग, चेहरा पाठ होईल. घरात माझा एकटीचा फोटो म्हणजे कामावरच्या ओळखपत्रावरचा. डोक्यावर शिरस्त्राण, कपाळाला आठ्या. तोच छापखान्यातून हातभर मोठा करून आणला आणि वर बांधला. मॅडम किंचाळल्या. त्यांचं ऐकून सासूबाई धावत आल्या, त्यांनी वर बघितलं आणि त्याही किंचाळल्या. रानवाऱ्याचं म्हणणं असं, की बाळाशी एकाच सपाट आवाजात बोलावं, म्हणजे त्याला भरवसा वाटतो. काय बोलावं हे सुचेना, म्हणून मी तिला लिफ्ट देखभालीचे नियम वाचून दाखवले. तिसऱ्या नियमाला नवरा झोपला. मॅडम जाग्या. डोळे माझ्यावर, आणि ओठाची एक कड हलायला तयार नाही.

मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले, हेही सांगून टाकते. तुला सांगायचं नाही तर कुणाला सांगायचं?

शेवटी कट्ट्यावर सगळ्यांचं एकमत झालं (पहिल्यांदाच), की बाळ हसत असणार, तुलाच ओळखता येत नाही. पुरावा टाक. व्हिडिओ टाक, हसू आहे की पोटातला वारा ते आम्ही सांगतो. झालं, त्या दिवसापासून मी फोन तोंडासमोर धरून बसले. मॅडम जाग्या झाल्या की फोन वर. दुपटं बदलताना फोन वर. गाणं म्हणताना फोनच्या मागून गाणं. एक क्षण हुकला तर पुरावा गेला! मॅडम फोनकडे टक लावून बघायच्या, पाठांतर चालल्यासारख्या, पण हसायच्या नाहीत. पी हळद आणि हो गोरी, अशी घाई लागली होती मला.

आणि मग परवा दवाखाना झाला. वजनासाठी गेलो होतो, मी आणि सासूबाई. बाहेरचा बाक आयांनी भरलेला. आत नर्सबाई म्हणाल्या, “तो फोन जरा बाजूला ठेवा हो, बाळाला धरा.” मी फोन वजनकाट्याशेजारी भिंतीला उभा टेकवला, पाठ आमच्याकडे. मॅडम काट्यावर उघड्या पडून संतापल्या होत्या, भोकाड पसरलं होतं. मान वळली. फोन दिसला. रडणं थांबलं. आणि मावशी, ती हसली. अगं, नुसती हसली नाही, हातपाय उडवून, हिरड्या दाखवून, आवाज काढून हसली. काटा वर-खाली व्हायला लागला. नर्सबाईंना वजन लिहिता येईना.

मी फोनकडे बघितलं. पिवळं कव्हर. वर कॅमेऱ्याचे दोन गोल काळे डोळे. खाली ते हिरवं लेबल, एका बाजूने सुटून तोंडासारखं वर वळलेलं. माझ्या लक्षात आलं. मॅडमनी आपली आई केव्हाच ओळखली होती. आवाज माझा, वास माझा, हात माझे आणि चेहरा हा. फोन नसला की दोन डोळे, एक नाक, आठ्या असलेली ही कोण बाई आपल्यावर वाकलीये, असं तिला वाटत असणार.

सासूबाईंच्या लक्षात माझ्याआधी आलं. त्या एवढंच म्हणाल्या, “काखेत कळसा नि गावाला वळसा.” आणि मग, मी रडायला लागलेली बघून, पदराने माझंच नाक पुसलं. मॅडमचं पुसायचं होतं खरं, पण हाताला जे नाक आधी लागलं ते.

असो. इथे थांबते. काकांना नमस्कार सांग. गुडघ्यांना तीळभर जास्त तेल लाव. कट्ट्यावर म्हणतात की कांद्याची साल बांधावी, पण ते करू नकोस.

तुझी,
पट्टेवाली भाची

ता. क. पत्रासोबत एक पुडकं येईल. पट्ट्यांच्या पायजम्याच्या उरलेल्या तुकड्यात गुंडाळलेली वस्तू म्हणजे माझा फोन. तो बंद करून तुझ्या कपाटात ठेव. नवऱ्याच्या फोनवरून मी परत मागेन, रडेन, ऑफिसचं फार महत्त्वाचं काम आहे असं सांगेन. विश्वास ठेवू नकोस.

ता. क. २. सासूबाई डोक्याशी उभ्या आहेत. त्या म्हणतात, कपाटात ठेवण्याआधी त्या बाळाला ढेकर आला का, एवढं एकदा उघडून बघ. (उघडायचा आकडा म्हणजे तुझी जन्मतारीख.) उत्तर त्यांच्या नावे पाठव.

ता. क. ३. पाकीट चिकटवलं होतं, फाडून पुन्हा लिहितेय. आत्ता मॅडम उठल्या. मांडीवर घेतलं. सवयीने माझा हात फोन धरायला वर गेला आणि रिकामाच खाली आला. तिने आधी माझ्या तोंडासमोर फोन शोधला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग मी “अगं, मीच ती,” म्हणाले. आवाज ऐकून ती थांबली, माझ्या तोंडाकडे खूप वेळ बघत राहिली आणि ओठाची एक कड हलली. मग दुसरी हलली. सासूबाई अंघोळीला, नवरा दुकानात. साक्षीदार नाही, फोटो नाही. वाराच असेल पोटातला. मी गाल धरला तेव्हा बोटांवरची पत्राची शाई तिला लागली, तेवढी खूण आहे. मला कुणालातरी विचारायचं आहे, आणि विचारायला तूच उरलीस. तेव्हा मावशी, गुडघे कसेही असोत, येत्या गाडीने ये आणि बघून सांग. फोन आणू नकोस. ढेकराचं तेवढं मात्र बघून ये.