मधली दोन वर्षं

मंगळवार, संध्याकाळ. रत्नागिरी.

पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीची मुलाखत आज घरूनच, लॅपटॉपवर झाली. छान चाललं होतं. मग त्या बाईंनी विचारलं, "मधली दोन वर्षं काय करत होतात?"

"कोर्स," मी म्हटलं. कसला कोर्स! आईला अर्धांगवायूचा झटका आला म्हणून नोकरी सोडून आले. भाट्याच्या वाळूत हात धरून तिला पुन्हा चालायला शिकवलं. ती दोन वर्षं मी का लपवली? लाज वाटली?

आई आतल्या खोलीत ऐकत होती. चहा घेताना म्हणाली, "बरं केलंस हो. घरात आजारपण म्हटलं की घेत नाहीत."

रागावली असती तर बरं झालं असतं.

शुक्रवारी दुसरी फेरी आहे. पुन्हा विचारलं तर खरं सांगेन. सांगेन ना?